हातांवरून चाललेली गाडी

कवितेचं प्रदर्शन म्हटल्यावर महेश्वरीनं आधी नाहीच म्हटलं होतं. गल्लीतल्या बहुतेक बायका दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन तिथं जाऊन आल्या होत्या आणि रोज कुणी ना कुणी तिला कौतुकानं सांगत होतं. संग्रहालयाच्या मागच्या मोठ्या शेडमध्ये कविता मांडल्यात. त्या वाचायच्या नाहीत, त्यांच्या आत शिरायचं. एका खोलीत विहीर आहे, वाकून हाक मारली की खालून कवितेची पुढची ओळ वर येते. एका खोलीत हातमाग आहे, त्याची पट्टी पायानं दाबली की प्रत्येक धागा एकेक शब्द बोलतो. आई, बाप, पोरं सगळ्यांनी मिळून दाबलं तर अख्खी कविता ऐकू येते.

ऐकू येते, इथंच महेश्वरीचं अडायचं. तिची चंद्रिका नऊ वर्षांची होती आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

शेवटी सासूबाईंनी विषय मिटवला. हेमावती माहेरची अक्कलकोटकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायची आणि घरात तिला सगळेच अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे.

"पोरगी दिवसभर भिंती बघत बसायली," ती म्हणाली. "चल की, बघून तर येऊ. न्हाई आवडलं तर बाहेर भेळ खाऊ."

महेश्वरीचा नवरा गुरुशांत चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर होता, त्याची त्या दिवशी ड्यूटी होती. मग तिघीच गेल्या.

शेडमध्ये गर्दी होती. विहिरीच्या काठावर पोरं पोटावर पडून हाका मारत होती आणि खालून उत्तर आलं की खिदळत होती. चंद्रिकाही वाकली. तिला आत काळा रंग दिसला आणि तळाशी एक जाळी. महेश्वरीनं खुणेनं सांगितलं, आतून आवाज येतो, गाण्यासारखा. चंद्रिकानं मान हलवली. ऐकणाऱ्यांना ज्यात गंमत वाटते त्या गोष्टींना ती अशीच मान हलवायची, परक्या घरी नको असलेला चहा घ्यावा तशी. हातमागाच्या खोलीतही तेच झालं. महेश्वरी मनात म्हणाली, झालं, आता भेळ.

तिसऱ्या खोलीत उसाची बैलगाडी होती. खरीच, मोठ्या चाकांची, वर वाळलेल्या उसाच्या मोळ्या रचलेल्या. गाडी जागची हलत नव्हती, पण चाकांखाली लाकडी रूळ होते. आलेल्या कुटुंबातलं एक माणूस कडेचं चाक फिरवायचं, बाकीचे वर बसायचे आणि मग गाडी डुलायला लागायची, खालचे रूळ खडखडायचे, वरून एका बाईचा आवाज यायचा:

ऊस निघाला कारखान्याला,
गाडी चालली डुलत डुलत,
वर निजलंय तान्हं लेकरू,
चांदणं त्याला झुलवत झुलवत.

चंद्रिका गाडीवर चढली नाही. ती दारातच थबकली, मग चपला काढून लाकडी जमिनीवर बसली, तळवे टेकवले आणि एकदम आडवी झाली. गाल फळ्यांना लावून ती तशीच पडून राहिली. लोक तिला ओलांडून जायला लागले. दारावरचा माणूस म्हणाला, "बाळ, ऊठ. कुणाचा पाय पडंल." महेश्वरी लाजून तिला उचलायला वाकली.

"राहू द्या थोडं," मागून कुणीतरी म्हणालं. "काय करतीय ते बघू."

बोलणारी बाई पन्नाशीची होती, उंच, काटक, केसांत कडेला पांढरी बट. ती विजयमाला. हे सगळं प्रदर्शन तिनं उभारलेलं होतं आणि ही उसाच्या गाडीची कविताही तिनंच लिहिली होती. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ घरात जन्मलेली, कॉलेजात मराठी शिकवणारी. तिच्या वर्गातली मुलं कविता म्हटली की खिडकीबाहेर बघायची, म्हणून तिनं विरुपाक्ष नावाच्या एका फर्निचर बनवणाऱ्याला पकडलं आणि त्याच्याकडून एकेक कविता लाकडात, लोखंडात उभी करून घेतली होती.

गाडी थांबली. वर बसलेलं कुटुंब उतरलं. पण चंद्रिकाचा हात आता हलायला लागला. ती पडल्या पडल्या जमिनीवर तळवा आपटत राहिली. दोन जड, एक हलका, पुन्हा दोन जड. चांगली लय होती. मग तिनं तळवा उचलला आणि दोन बोटांनीच, अगदी हलकं, जमिनीला स्पर्श करत गेली, आणि थोड्या वेळानं परत तळवा.

विजयमालाचा चेहरा बदलला.

"तिला विचारता का, खाली काय झालं ते?"

"तिला ऐकायला येत न्हाई, मॅडम."

"म्हणून तर म्हणतेय. तुम्ही विचारा ना."

महेश्वरीनं खुणा केल्या. चंद्रिका उठून बसली, केस मागं सारले आणि उत्तर दिलं.

"म्हणतीय, आधी दगड होते," महेश्वरीनं सांगितलं. "मग वाळू आली. मग परत दगड."

विजयमाला रुळांपाशी वाकली. मग तिनं सांगितलं की लेकराच्या ओळी येतात तेव्हा खडखडाट कमी व्हावा म्हणून तिनं विरुपाक्षाच्या मागं लागून त्या वेळी चाकाखाली येणाऱ्या रुळांना जाड लोकर गुंडाळून घेतली होती. विरुपाक्ष म्हणाला होता, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही. आणि खरंच, इतके लोक येऊन गेले, वाहवा करून गेले, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

महेश्वरीला अभिमान वाटला, पण त्याबरोबर रागही आला, आणि ती राग गिळणाऱ्यातली नव्हती. बाहेर पडताना तिनं दारात सांगून टाकलं, "तुमचं सगळं लई छान आहे, मॅडम. पण आमच्या पोरीच्या वाट्याला एकच खोली आली. तीपण जमिनीवर झोपून."

विजयमालानं सबब सांगितली नाही. आपण किती कष्ट घेतले हेही सांगितलं नाही. "खरं आहे तुमचं," एवढंच म्हणाली आणि फोन नंबर मागून घेतला.

असा नंबर घेणारे पुष्कळ भेटतात, म्हणून महेश्वरीनं ते मनावर घेतलं नव्हतं. पण आठवड्याभरात फोन आला. विजयमालानं प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरांत कवितेच्या ओळी लावल्या होत्या, आवाज येईल तशा त्या उजळायच्या. चंद्रिकाला दाखवायला आणा म्हणाली. चंद्रिकानं सगळ्या खोल्यांतून फिरून नीट वाचलं आणि आईला खुणेनं म्हणाली, हे तर पुस्तकच आहे. फक्त उभं राहून वाचायचं.

महेश्वरी ते सांगायला कचरत होती. विजयमालानं सांगायलाच लावलं, ऐकून हसली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं."

मग ती चंद्रिकाच्या शाळेत गेली. तिथल्या खुणांची भाषा शिकवणाऱ्या बाईंना तिनं कविता दिली. बाईंनी मनापासून, एक शब्द न सोडता कविता खुणांमध्ये करून दाखवली. समोर बसलेली मुलं सभ्यपणे बघत होती. शेवटी विजयमालानं चंद्रिकाकडं बघितलं. चंद्रिकानं हाताची चौकट केली आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटं माणूस उभं केलं. बाईंनाच हसू फुटलं. "म्हणतीय, टीव्हीवरच्या बातम्या, कोपऱ्यात खुणा करणारी बाई असते त्या," त्या म्हणाल्या.

"मग तूच सांग," विजयमाला चंद्रिकाला म्हणाली. आणि हे तिनं तोंडानं म्हटलं नाही. बोट तिच्याकडं, मग तिच्या हातांकडं, मग स्वतःच्या डोळ्यांकडं. खूण शाळेतली नव्हती, चुकलेलीही असेल, पण चंद्रिकाला कळली.

त्यानंतर विजयमाला त्यांच्या घरी यायला लागली. संध्याकाळी कॉलेज सुटलं की यायची, जमिनीवर बसायची आणि चंद्रिकाकडून खुणा शिकायची. पन्नाशीत बोटं वळत नाहीत. चंद्रिका शिक्षिका म्हणून भारी कडक होती. चुकलं की ती विजयमालाची करंगळी धरून सरळ करायची. हेमावतीला या बाईचं फार अप्रूप वाटायचं. ती कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "बाई, तुमी एवढं शिकलेल्या, आमच्या पोरीचा मार खायलाय."

"मार नाही हो अव्वा," विजयमाला म्हणायची, "मी नापास व्हायलेय."

कवितेवर मात्र चंद्रिका अडली होती. गाडीची खूण तिला येत होती, उसाची येत होती, बाळाचीही. पण ते एकापुढं एक ठेवलं की बातम्याच व्हायच्या. एके दिवशी तिनं विचारलं, ही गाडी तुम्ही कुठं बघितली?

विजयमालानं सांगितलं, लहानपणी, रस्त्यावर. आणि तिच्या लक्षात आलं की चंद्रिकानं चालती, भरलेली गाडी जवळून कधी बघितलेलीच नाही.

महेश्वरीचा भाऊ मल्लिनाथ श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीला होता. गाळप सुरू झालेलं होतं. गुरुशांतला ड्यूटी होती, बाकीच्या सगळ्या एका सकाळी तिकडं गेल्या. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग होती आणि तिच्या कडेनं बैलगाड्यांची. हवेत मळीचा वास होता. मल्लिनाथनं एका ओळखीच्या ऊसतोड टोळीतल्या गाडीशी त्यांना नेलं. गाडीवर केराबाई नावाची तरुण बाई बसली होती. मोळ्यांच्या वर, चिरगुटात गुंडाळलेलं तिचं लेकरू झोपलं होतं.

"पडत न्हाई का वो ते?" महेश्वरीनं विचारलं.

"कशानं पडंल?" केराबाई म्हणाली. "गाडी थांबली की मगच रडतंय. चालती तवर गप हाय."

विजयमालानं मान वर करून झोपलेल्या लेकराकडं बघितलं. कविता लिहिताना तिला हे सुचलेलं नव्हतं.

केराबाईनं चंद्रिकाला वर घेतलं. गाडी रांगेत थोडी थोडी पुढं सरकत होती. चंद्रिका उसावर पालथी झोपली, मग उतरली आणि चालत्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून बरोबर चालू लागली. बैलांच्या माना एकीमागून एक वर खाली होत होत्या. एक वर तर दुसरी खाली. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडंच बघत होती. परतताना एसटीत तिनं कुणाशी एक खूण केली नाही. मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिची बोटं आपोआप हलत होती.

पुढचे दिवस ती आरशासमोर असायची. कुणी आत गेलं की हात खाली घ्यायची.

गुरुशांत मुलीवर जीव टाकणारा माणूस होता, पण त्याला खुणा फारशा यायच्या नाहीत. पाळ्या बदलत्या, घरी आला की दमलेला, आणि मधे महेश्वरी होतीच सांगायला. जेव, झोप, चल, शाळा, एवढ्यावर त्याचं भागायचं. त्या दिवशी तो दुपारी घरी आला तेव्हा चंद्रिका खोलीत भिंतीकडं पाठ करून उभी होती. या वेळी तिनं हात खाली घेतले नाहीत.

तिनं दोन मुठी छातीसमोर धरल्या. त्या मुठी हळूहळू खालीवर व्हायला लागल्या, एक वर तर एक खाली, आणि त्या बैलांच्या माना झाल्या. मनगटं जड होती. बघणाऱ्याला ओझं कळत होतं. मग मुठी उघडल्या आणि दहाही बोटं वर गेली, उसाच्या शेंड्यांसारखी, पण डुलणं तेच राहिलं. मग एक तळहात सपाट झाला आणि दुसऱ्या हाताचं एकच बोट येऊन त्याच्यावर आडवं झालं. तळहात डुलत होता आणि बोट त्याच्यात निजलं होतं. तिनं डोळे मिटले. नंतर तळहात थांबला. क्षणभर काहीच झालं नाही. आणि मग ते बोट चुळबुळलं, वाकलं, आणि चंद्रिकाचा चेहरा रडवेला झाला. लगेच तळहात पुन्हा डुलायला लागला आणि बोट शांत झालं.

गुरुशांत दारातच उभा होता. त्याच्या हातात डबा तसाच होता.

"गाडी हाय ही," तो आतल्या महेश्वरीला म्हणाला. "उसाची. आणि वर लेकरू." मग थांबून म्हणाला, "तू न सांगता कळालं मला."

त्यानं डबा खाली ठेवला, मुलीसमोर मांडी घातली आणि स्वतःच्या दोन मुठी पुढं धरल्या. त्याचे हात मशीनवरचे, राठ, मनगटं वळत नव्हती. दोन्ही मुठी एकदमच वर जात होत्या. चंद्रिकानं मान हलवली, त्याचं डावं मनगट धरून खाली दाबलं, उजवं वर उचललं. पुन्हा चुकलं. पुन्हा धरलं. महेश्वरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून बघत होती आणि मधे पडायचं तिनं टाळलं.

विजयमालानं ते बघितलं तेव्हा तिनं चंद्रिकाला ते पुन्हा करायला लावलं. मग म्हणाली, "माझ्या कवितेत गाडी थांबतच नाही. थांबायला पाहिजे होती." आणि तिनं चंद्रिकाला खुणेनं विचारलं, ही कविता तुझी. माझ्या शेडमध्ये ठेवशील?

गाडीच्या शेजारची खोली रिकामी करून घेतली. त्या खोलीत आवाज काहीच ठेवला नाही. विरुपाक्षानं जमिनीला फळ्या बसवल्या, समोर पांढरी भिंत आणि मागं एक दिवा. समोर बसलेल्या माणसानं हात उचलले की त्याची सावली भिंतीवर मोठी होऊन पडायची. एका बाजूला चंद्रिकाची कविता पडद्यावर संथपणे चालू असायची, आणि येणाऱ्या कुटुंबानं ती आपापल्या हातांनी भिंतीवर करून बघायची. कुणी बैल व्हायचं, कुणी ऊस, आणि सगळ्यात लहान असेल त्यानं निजायचं.

खोली उघडली त्या दिवशी चंद्रिकाच्या शाळेतली मुलं आली होती, गल्लीतल्या बायका होत्या, कॉलेजातली मुलं होती. बाहेर विहिरीपाशी नेहमीचा गोंगाट होता. या खोलीत शिरलं की लोक आपोआप गप्प व्हायचे. सांगावं लागत नव्हतं. चंद्रिका पुढं उभी राहिली आणि तिनं गाडी हाकली. तळहात थांबला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी नकळत हात पुढं केला, जणू ते बाळ उचलून घ्यायला. शाळेतली मुलं हात वर करून हलवत होती, त्यांच्यातल्या टाळ्या तशाच असतात. बाकीच्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग सगळी खोली हात हलवायला लागली.

"छलो अद," हेमावती शेजारणीला म्हणाली. छान आहे. पुढं म्हणाली, "ह्यात मराठी न्हाई, कानडी न्हाई. मला सगळं कळालं की."

विजयमाला तेवढ्यावर थांबली नाही. विहिरीत तिनं खरं पाणी भरून घेतलं. ओळ वर आली की पाण्यावर वलयं उठतात, मोठ्या शब्दाला मोठी, हलक्या शब्दाला बारीक. हातमागाच्या पट्टीला तिनं असं काही बसवलं की शब्द तळपायाला कळतो. प्रत्येक बदल ती आधी चंद्रिकाच्या वर्गाला दाखवायची. मुलं तोंडावर सांगायची, हे चांगलं, हे कंटाळवाणं. कंटाळवाणं म्हटलं की ती ते काढून टाकायची. विरुपाक्ष वैतागायचा, पण तोही आता मुलांना विचारल्याशिवाय खिळा ठोकत नव्हता. गुरुशांत सुट्टीच्या दिवशी यायचा आणि नव्या आलेल्या बापांना मुठी कशा धरायच्या ते दाखवायचा. त्याच्या स्वतःच्या अजून कधीकधी एकदम वर जायच्या.

उन्हाळा लागायच्या सुमाराला चंद्रिकानं विजयमालाला गच्चीवर बोलावलं. तिथं दोरीवर गुरुशांतचे कंपनीतले निळे शर्ट वाळत होते आणि वारा सुटला होता. चंद्रिकानं एक नवी कविता केली होती, कुणाच्याही ओळींवरून न केलेली. तिच्या हातांचे शर्ट झाले. ते एकमेकांशी भांडले, एकमेकांना थोपटलं, एकाची बाही दुसऱ्याच्या गळ्यात पडली. मग वारा गेला आणि ते सगळे खांदे पाडून उभे राहिले, पाळी संपवून बसची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. आणि शेवटी तिनं बोटांनी काहीतरी केलं, फार झरकन, बाहीतून जाणाऱ्या वाऱ्यासारखं.

विजयमालानं तिथंच कठड्यावर बसून ती मराठीत लिहायला घेतली. शर्टांचं भांडण लिहून झालं, थकलेले खांदेही जमले. शेवटच्या हालचालीला मात्र शब्द सापडेना. तिनं झुळूक लिहिलं आणि खोडलं. श्वास लिहिलं, तेही खोडलं. मग तिनं मान वर करून विचारलं, हे शेवटचं काय आहे?

चंद्रिकानं थोडा विचार केला आणि ते पुन्हा एकदा करून दाखवलं, तिला नीट दिसावं म्हणून जरा सावकाश.